बिब्लोस : एका बंदराची नावे आणि अक्षरे

लेबनॉनची राजधानी बैरूत येथून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेस सुमारे ४० किलोमीटर गेले असता जुबैल हे लहानसे शहर लागते. मासेमारीच्या होड्या जेमतेम मावतील एवढे बंदर, त्याच्या तोंडाशी मध्ययुगीन बुरुजांचे अवशेष, दगडी फरसबंदीचा जुना बाजार, आणि उन्हाळ्यात स्नानासाठी येणाऱ्यांनी गजबजलेला किनारा, असे त्याचे आजचे स्वरूप आहे. बंदराच्या दक्षिणेस लागूनच एक टेकाड आहे. नवाश्मयुगीन कोळ्यांच्या झोपड्यांपासून धर्मयुद्धकालीन किल्ल्यापर्यंत मानवी वस्तीचे थर त्या एका टेकाडात साचलेले आहेत. ग्रीकांनी या नगरास बिब्लोस म्हटले आणि जगाच्या ग्रंथांत तेच नाव रूढ झाले. १९८४ साली युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला.

येथे येणाऱ्या प्रवाशास दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. एक, बायबल या शब्दाचा उगम या नगराच्या नावात आहे. आणि दुसरी, वर्णमालेचा जन्म येथे झाला. भाषेच्या अभ्यासकाने या दोन्ही विधानांकडे सावधपणे पाहावयास हवे. दोन्हींत तथ्य आहे. परंतु ज्या रूपात ती सांगितली जातात त्या रूपात दोन्हींपैकी एकही टिकत नाही. बिब्लोस पाहावयाचे ते ही विधाने खरी मानून नव्हे, तर ती कोठपर्यंत खरी आहेत हे तेथील दगडांवरून, आणि आता तेथे नसलेल्या दगडांवरूनही, पडताळण्यासाठी.

प्रथम नावाचा विचार करणे सोयीचे होईल. स्थानिक लेखांत नगराचे नाव ग्-ब्-ल् अशा तीन व्यंजनांनी लिहिलेले आढळते. इ. स. पूर्व चौदाव्या शतकातील अक्कादी पत्रांत ते ‘गुब्ला’ असे येते. प्राचीन ईजिप्शियन लेखनात त्याचे रूप ‘क्-ब्-न्’ किंवा ‘क्-प्-न्’ असे आहे; समुद्रगामी जहाजास ईजिप्शियन भाषेत जो शब्द रूढ होता तो याच नावापासून बनलेला असून त्याचा मूळ अर्थ ‘बिब्लोसचे जहाज’ असा होता. यावरून ईजिप्तच्या सागरी व्यापारात या बंदराचे स्थान काय होते हे समजते. नाईलच्या खोऱ्यात मोठे लाकूड नाही. देवदाराचे सोट लेबनॉनच्या डोंगरांतून उतरत आणि याच किनाऱ्यावरून ईजिप्तकडे रवाना होत. ईजिप्तच्या दुसऱ्या राजवंशातील खासेखेमवी या राजाचे नाव कोरलेला दगडी भांड्याचा तुकडा बिब्लोस येथे मिळाला आहे, म्हणजे हा संबंध पिरॅमिडांहूनही जुना आहे.

ग्रीक सत्ता गेली, रोमन सत्ता गेली, आणि त्यांच्याबरोबर बिब्लोस हे नावही स्थानिकांच्या तोंडून गेले. धर्मयोद्ध्यांनी नगर घेतले तेव्हा ते त्यास ‘जिबले’ म्हणत. आजचे ‘जुबैल’ हे अरबी रूप आहे. त्यात मूळ ‘ग’च्या जागी अरबीच्या नियमानुसार ‘ज’ आला असून, शब्दाची घडण लघुत्वदर्शक आहे. ‘जबल’ म्हणजे डोंगर, तेव्हा ‘जुबैल’ म्हणजे टेकडी, असा अर्थ बोलणाऱ्यास सहज जाणवतो. तीन हजारांहून अधिक वर्षांच्या या प्रवासात व्यंजनांचा सांगाडा कायम राहिला, हे लक्षणीय आहे. राज्यकर्त्यांनी दिलेली नावे कागदोपत्री राहतात आणि गावकऱ्यांनी उच्चारलेली नावे गावात राहतात. शूर्पारकाचे सोपारे झाले तरी ते ओळखू येते, तोच हा प्रकार आहे.

आता बायबलचा प्रश्न. ग्रीक भाषेत ‘बिब्लोस’ (आरंभीचा उच्चार ‘ब्युब्लोस’ असा) म्हणजे पपायरस ही पाणवनस्पती आणि तिच्यापासून केलेला लेखनपट. त्यापासून ‘बिब्लिओन’ म्हणजे पुस्तक आणि ‘बिब्लिआ’ हे त्याचे अनेकवचन. लॅटिनमध्ये जाताना या नपुंसकलिंगी अनेकवचनाचा स्त्रीलिंगी एकवचन म्हणून पुन्हा अर्थ लावला गेला, आणि ‘पुस्तके’ यांचे ‘पुस्तक’ झाले. इथपर्यंतची साखळी भक्कम आहे. कच्चा दुवा पहिलाच आहे. ईजिप्तचा पपायरस बिब्लोसमार्गे ग्रीसला जात असे, म्हणून मालाला बंदराचे नाव पडले, ही नेहमीची उपपत्ती. परंतु सेमिटिक ‘ग्’चे ग्रीकमध्ये ‘ब्’ का व्हावे? ग्रीकांनी सेमिटिक ‘ग्’ आपल्या ‘ग्’नेच घेतला, याचा पुरावा त्यांच्या ‘गामा’ या अक्षरनामातच आहे. पुढील ‘ब्’च्या प्रभावाने आद्य व्यंजनाचे समीभवन झाले असे म्हणता येते, उलट, वनस्पतीचा ग्रीक शब्द आधीच अस्तित्वात होता आणि परक्या नगराचे नाव त्या ओळखीच्या शब्दाच्या साच्यात बसविले गेले, असेही म्हणता येते. ‘ओडिसी’मध्ये या शब्दापासून झालेले विशेषण एका जहाजी दोराला लावलेले आहे, पुस्तकाला नव्हे, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दोर हा बंदरातलाच माल. तेव्हा बंदराचा संबंध त्यामुळे तुटत नाही, पण पुस्तकाचा मात्र सैल होतो.

बिब्लोसला पपायरस येत असे याचा पुरावा म्हणून वेनामून नावाच्या ईजिप्शियन देवस्थानी अधिकाऱ्याची कथा पुष्कळदा दाखविली जाते. तिचा काळ इ. स. पूर्व अकरावे शतक. मंदिराच्या नौकेसाठी लाकूड आणावयास गेलेल्या या गृहस्थास बिब्लोसच्या राजाने एकोणतीस दिवस ‘माझ्या बंदरातून चालता हो’ असा रोज निरोप धाडला. अखेरीस बोलणी झाली तेव्हा राजाने पूर्वजांच्या वेळच्या हिशेबाच्या वह्या आणवून वाचून दाखवल्या आणि लाकडाची किंमत मागितली. पुढे ईजिप्तहून आलेल्या मालाच्या यादीत पाचशे नगांची एक नोंद आहे. जुन्या भाषांतरांत तिचा अर्थ ‘पपायरसच्या गुंडाळ्या’ असा केला होता. नंतरच्या एका प्रतिष्ठित भाषांतरात त्याच जागी ‘तागाच्या चटया’ आढळतात. ज्या एका शब्दावर व्युत्पत्तीचा डोलारा उभा करावयाचा तोच असा डळमळीत आहे. मात्र हिशेबाच्या वह्यांबद्दल दोन्ही भाषांतरांचे एकमत आहे, आणि लिपीच्या इतिहासाच्या दृष्टीने खरी मोलाची बाब तीच होय. कारकून आणि वह्या असलेले हे बंदर होते.

टेकाडावर प्रवेश होतो तो बाराव्या शतकातील किल्ल्यातून. रोमन इमारतींचे दगड उचलून धर्मयोद्ध्यांनी तो बांधला. त्याच्या बालेकिल्ल्याच्या माथ्यावरून सगळे उत्खननक्षेत्र एका दृष्टिक्षेपात दिसते: समुद्राच्या बाजूला राजांच्या कबरींचे खोल कूप, मध्ये झऱ्याची विहीर, मंदिरांचे पाये, आणि कडेला एक चिमुकले रोमन नाट्यगृह. हे दृश्य रम्य आहे, पण अभ्यासकाची दिशाभूल करणारे आहे. नाट्यगृह मुळात तेथे नव्हते. लहान-मोठ्या सूच्याकार स्तंभांनी भरलेले प्रसिद्ध मंदिरही मुळात तेथे नव्हते. त्याच्या खालचे अधिक जुने मंदिर खणण्यासाठी ते दगड-दगड उचलून बाजूला नेऊन पुन्हा मांडले गेले. या दोन्ही गोष्टी मोरिस द्युनाँ यांनी केल्या. १८६०-६१ साली एर्नेस्त रनाँ यांनी या भागाचे प्रथम पद्धतशीर अवलोकन केले, १९२१ ते १९२४ या काळात प्येर माँते यांनी उत्खनन केले, आणि १९२६ पासून १९७५ साली यादवी युद्ध पेटेपर्यंत ते द्युनाँ यांच्या हाती होते. अर्धशतकाचा हा उद्योग अचाट होता, यात शंका नाही. परंतु द्युनाँ यांनी नैसर्गिक थरांचा मागोवा न घेता सगळे टेकाड वीस-वीस सेंटिमीटरांच्या सपाट पातळ्यांत खणले. जुन्या वस्तीचे थर कधी सपाट नसतात. खड्डे, पाये, उतार यांनी ते वरखाली होतात. परिणामी एकाच पातळीत निरनिराळ्या शतकांच्या वस्तू एकत्र नोंदल्या गेल्या. वस्तू उरल्या, त्यांचा काळ गेला.

या हानीचा फटका लिपीच्या इतिहासास कसा बसतो हे समजण्यासाठी बिब्लोस येथे कोणकोणत्या लिपी वापरल्या गेल्या हे पाहावयास हवे. इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या आरंभीच्या शतकांत येथील राजे स्वतःची नावे ईजिप्शियन चित्रलिपीत लिहीत आणि नावापुढे ईजिप्शियन नगराधिकाऱ्याची पदवी लावीत. चौदाव्या शतकात रिब-हद्दा हा येथील राजा ईजिप्तच्या फेअरोला पत्रे लिहितो ती मातीच्या विटांवर, मेसोपोटेमियाच्या कीलाकृती लिपीत आणि अक्कादी भाषेत. १८८७ साली ईजिप्तमध्ये अमार्ना येथे सापडलेल्या पत्रव्यवहारात एकट्या या राजाची साठांहून अधिक पत्रे आहेत. शत्रू घेरत आहेत, धान्य संपले, सैन्य पाठवा, हाच त्यांचा सूर. इतकी पत्रे इतर कोणी पाठवीत नाही, अशी तक्रार फेअरोने केल्याचे त्यांतूनच कळते. भाषाशास्त्रज्ञास मात्र ही पत्रे जितकी अधिक तितकी हवीच आहेत. कारण त्यांतील शब्द अक्कादी असले तरी वाक्यरचना आणि क्रियारूपे बिब्लोसच्या बोलीची आहेत; विल्यम मोरन यांनी १९५० च्या आपल्या प्रबंधात हे साधार दाखवून दिले. कोठे कोठे कारकून अक्कादी शब्दानंतर एक खूण करून देशी शब्दही लिहितो. पिंजऱ्यात अडकलेल्या पाखराच्या उपमेत सापळ्यासाठी असलेल्या अक्कादी शब्दापुढे त्याने ‘किलूबि’ असे लिहिले आहे, आणि हाच शब्द पुढे हिब्रूत पिंजरा या अर्थी आढळतो. परभाषेत लिहिताना मनात मातृभाषा कशी चालू असते, याचे इतके जुने आणि इतके स्वच्छ उदाहरण विरळाच.

तिसरी लिपी बिब्लोसची स्वतःची. कांस्याच्या पत्र्यांवर, उलथन्यासारख्या चपट्या कांस्यपट्ट्यांवर आणि दगडांवर कोरलेले हे लेख द्युनाँ यांनी १९४५ साली प्रसिद्ध केले. चिन्हांची संख्या शंभराच्या आसपास आहे. वर्णमालेस वीस-तीस चिन्हे पुरतात आणि शब्दचिन्हांच्या लिपीस शेकडो लागतात. त्यावरून ही लिपी अक्षरात्मक, म्हणजे एका चिन्हाने व्यंजन व स्वर मिळून एक अक्षर दाखविणारी, असावी असा तर्क आहे. एदुआर दोर्म यांनी १९४६ साली आणि जॉर्ज मेंडनहॉल यांनी १९८५ साली तिची वाचने सुचविली. परंतु त्यांपैकी कोणतेही सर्वमान्य झालेले नाही. लेख थोडे आहेत, द्विभाषिक लेख नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे ते कोणत्या थरातून आले हे निश्चित सांगता येत नसल्याने त्यांचा काळही काही शतकांच्या अंतराने मागेपुढे सरकतो.

चौथी लिपी म्हणजे बावीस व्यंजनांची फिनिशियन वर्णमाला, आणि तिचा येथील सर्वांत ख्यातनाम लेख अहिराम राजाच्या दगडी शवपेटीवर आहे. १९२२ साली किनाऱ्याकडील कडा कोसळून एक राजकबर उघडी पडली, आणि पुढे १९२३ साली माँते यांना अहिरामची कबर मिळाली. ती प्राचीन काळीच लुटली गेली होती. झाकणाच्या कडेवरील लेखात, ही पेटी इत्तोबाल याने आपल्या पित्यासाठी करविली, असे सांगून, जो कोणी ती उघडील त्याचा राजदंड मोडो, सिंहासन उलथो आणि बिब्लोसमधून शांतता निघून जावो, असा शाप दिला आहे. शब्द उभ्या रेघांनी वेगळे केलेले आहेत. मराठी वाचकास त्यांतील दोन शब्द सहज उमगतील. ‘म्-ल्-क्’ म्हणजे राजा. आपल्या मालक, मुलूख, मलिक या शब्दांत हीच तीन व्यंजने आहेत. ‘ब्-न्’ म्हणजे पुत्र. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘अमुक बिन तमुक’ असे लिहिण्याची जी वहिवाट होती, तिच्यातील ‘बिन’ याच शब्दाचा अरबी भाऊबंद. हे शब्द मराठीत फिनिशियनमधून नव्हे, तर अरबी-फारसीच्या मार्गाने आले, हे सांगणे नलगे. व्यंजनांमध्ये कोणते स्वर भरावयाचे हे वाचणाऱ्याने जाणून घ्यावयाचे असते. देवनागरीत नुसता ‘म’ लिहिला तरी त्यात ‘अ’ असतोच. फिनिशियन ‘म्’मध्ये कोणता स्वर आहे की नाही, हे लिपी सांगत नाही. याच लेखात संबंधी सर्वनाम ‘ज़्’ असे आहे, तर सोर व सैदा या दक्षिणेकडील नगरांच्या फिनिशियनमध्ये त्याजागी निराळाच शब्द येतो. म्हणजे बिब्लोसची बोली स्वतंत्र होती.

हा लेख केव्हाचा? कबरीत रामसेस दुसरा याच्या नावाची दगडी भांडी मिळाल्याने माँते यांनी तो तेराव्या शतकातला मानला. अक्षरांच्या वळणावरून पुढील अभ्यासकांनी तो इ. स. पूर्व १००० च्या सुमारास आणला. पेटी जुनी असून ती पुन्हा वापरली असावी, असे मानले की दोन्ही गोष्टी जुळतात. बेंजामिन सास यांनी २००५ साली तो आणखी खाली, नवव्या शतकापर्यंत, ओढला. वादाचा आधार असा की, अबिबाल आणि एलिबाल या बिब्लोसच्या राजांनी आपले लेख अनुक्रमे शोशेंक पहिला आणि ओसोर्कोन पहिला या फेअरोंच्या पुतळ्यांवर कोरले. ते लेख पुतळ्यांहून जुने असू शकत नाहीत. पण पुतळे घडल्यानंतर किती वर्षांनी कोरले, हे पुतळा सांगत नाही. ग्रीकांचे सर्वांत जुने उपलब्ध लेख आठव्या शतकातील आहेत. अहिरामचा लेख दोन शतके आधीचा की थोडासाच आधीचा, यावर ग्रीकांनी वर्णमाला केव्हा उचलली या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे अवलंबून आहे.

तथापि वर्णमालेचा ‘जन्म’ येथे झाला असे कोणत्याही तिथीने म्हणता येत नाही. सिनाईतील सेराबित अल्-खादिम येथील खाणींत पेट्री यांना १९०५ साली मिळालेले आणि गार्डिनर यांनी १९१६ साली अंशतः उलगडलेले लेख, तसेच गेल्या शतकाच्या अखेरीस ईजिप्तच्या वाळवंटात वादी अल्-होल येथे सापडलेले लेख, अहिरामहून कित्येक शतकांनी जुने आहेत. उगारित येथे १९२९ पासून मिळालेली कीलाकृती वर्णमालाही त्याच्या आधीची. बिब्लोसचे श्रेय वेगळे आहे. चित्रलिपी, कीलाकृती लिपी आणि स्वतःची अक्षरात्मक लिपी असे तीन पर्याय हाताशी असलेल्या एका जुन्या, सुसंस्कृत बंदराने ते तिन्ही सोडून बावीस चिन्हांची लिपी राजदरबारात स्वीकारली. अझरबाल नावाच्या इसमाचा लेख असलेल्या एका कांस्यपट्टीवर नव्या लिपीखाली जुन्या, न वाचलेल्या लिपीच्या खुणा असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. हा स्थित्यंतराचा पुरावा एवढ्याशा वस्तूवर उमटावा, हे विशेष.

या लिपीचा भारताशी काय संबंध, हा प्रश्न येथे सुचणे साहजिक आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात १८६३ पासून अध्यापन केलेले गेओर्ग ब्यूलर यांनी १८९५ साली ब्राह्मी लिपी उत्तर सेमिटिक अक्षरांपासून निघाल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्यापुढे अहिरामचा लेख असणे शक्यच नव्हते. ते १८९८ साली वारले. खरोष्ठी अरामी लिपीपासून आली याबद्दल आज फारसा वाद नाही. ब्राह्मीच्या बाबतीत मात्र अरामी मूळ मानणारे आणि भारतीय मूळ मानणारे असे दोन पक्ष कायम आहेत, आणि फिनिशियन अक्षरांशी तिचा थेट संबंध जोडण्यास आता थोडेच अभ्यासक धजावतात.

वर वर्णिलेल्या लेखांपैकी प्रमुख असे काहीच जुबैलमध्ये नाही, याची कल्पना तेथे जाणाऱ्यास आधी असलेली बरी. किल्ल्यात उत्खननासंबंधी लहान संग्रहालय आहे, जुन्या बाजारात लेबनॉनच्या डोंगरांतील अश्मीभूत माशांचे प्रदर्शन आहे. दोन्ही पाहण्यासारखी आहेत. परंतु अहिरामची पेटी आणि मंदिरात पुरलेल्या सोन्याच्या पत्र्याने मढविलेल्या कांस्यमूर्ती बैरूतच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. १९७५ ते १९९० च्या यादवीत हे संग्रहालय शहर दुभंगणाऱ्या सीमारेषेवरच सापडले. संचालक मोरिस शेहाब व त्यांच्या पत्नी ओल्गा यांनी लहान वस्तू तळघरात भिंतीआड चिणल्या आणि हलविता न येणाऱ्या शवपेट्यांभोवती लाकडाचे व काँक्रीटचे आवरण उभारले. इमारत सैनिकांच्या ताब्यात गेली, भिंती गोळ्यांनी चाळल्या गेल्या, दप्तरातील नोंदी, नकाशे व छायाचित्रे नष्ट झाली. पण युद्धानंतर काँक्रीट फोडले तेव्हा अहिरामचा लेख शाबूत निघाला. उत्खननात वस्तूंचा काळ गेला होता. येथे वस्तू वाचल्या आणि त्यांच्या नोंदी गेल्या.

किनाऱ्यावरील अवशेषांना तेवढे संरक्षण कधीच मिळालेले नाही. जुलै २००६ मध्ये बैरूतच्या दक्षिणेकडील जिये येथील वीजकेंद्राच्या तेलाच्या टाक्यांवर बाँब पडले, हजारो टन तेल समुद्रात वाहिले, आणि प्रवाहाबरोबर उत्तरेस येऊन जुबैलच्या बंदरातील बुरुजांच्या पायथ्याचे दगड काळे झाले. किनाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. देवदार वाहणारी कांस्ययुगीन जहाजे आजच्या चिमुकल्या बंदरात मावली असतील असे वाटत नाही. ऑनर फ्रॉस्ट यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या बंदराचा शोध टेकाडाच्या दक्षिणेकडील उपसागरात घेतला. म्हणजे वेनामून जेथे एकोणतीस दिवस ताटकळला ते बंदर, आज छायाचित्रांत दिसते तेथे नसून, गाळाने भरलेल्या त्या दक्षिण किनाऱ्याखाली असण्याचा संभव अधिक आहे.

क्रमाचा विचार करता आधी बैरूतचे संग्रहालय आणि मग जुबैल, हा क्रम बरा. लेख पाहून झाले असले म्हणजे रिकामे कूप बोलू लागतात. एवढ्याने बिब्लोस पुरे होत नाही. ओसोर्कोनच्या पुतळ्यावरील एलिबालचा लेख पॅरिसला लुव्रमध्ये आहे, अबिबालचा बर्लिनला, आणि रिब-हद्दाची पत्रे बर्लिन, लंडन व कैरो येथे विखुरली आहेत. इ. स. पूर्व पाचव्या शतकातील येहावमिल्क राजाची शिळा १८६९ साली सापडली आणि तीही लुव्रमध्ये गेली. तिचा खालचा कोपरा तुटलेला होता. तो तुकडा पुढे द्युनाँ यांना जुबैललाच उत्खननात मिळाला, आणि तो लेबनॉनमध्ये राहिला आहे. त्या लेखाच्या शेवटच्या ओळी पूर्ण वाचावयाच्या तर दोन्ही ठिकाणची छायाचित्रे शेजारी-शेजारी ठेवावी लागतात.